पाणलोट क्षेत्र क्रमांक १०: जुनं जंगल, कोवळं जंगल आणि नत्राचा ताळेबंद

१९७५ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर, क्रमांक १० या १०.२ हेक्टरच्या पाणलोटातली झाडं सरसकट तोडली गेली. डग्लस फरची (सुईसारख्या पानांच्या उंच वृक्षाची) ती झाडं साडेचारशे वर्षांच्या घरातली होती. त्या काळात तिथल्या डोंगरांवर अशी तोड सर्रास चाले, त्यामुळे या तोडीची कुणी दखल घेतली असती असं नाही. फरक एवढाच की या उताराच्या पायथ्याशी ओढ्याचं पाणी मोजायची सोय होती आणि आधीची काही वर्षं इथे पावसातून काय येतं, पाचोळ्यातून काय गळतं, ओढ्यातून काय वाहून जातं याच्या नोंदी झालेल्या होत्या. शेजारचं क्रमांक ९ चं पाणलोट तुलनेसाठी जसंच्या तसं राखलं होतं. म्हणजे माती तीच, पाऊस तोच, उतार तोच, आणि जंगल मात्र आधी म्हातारं व मग कोवळं. असा योग पर्यावरणशास्त्रात क्वचितच जुळून येतो.

ही जागा एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात येते. १९४८ मध्ये राखून ठेवलेलं हे सुमारे ६,४०० हेक्टरचं जंगल लुकआउट क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात पसरलं आहे. अमेरिकेची वनसेवा आणि ओरेगन स्टेट विद्यापीठ तिथे मिळून काम करतात. खालच्या भागात वर्षाला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. उन्हाळा कोरडा. खडक ज्वालामुखीचा, उतार उभे. हवेतून येणारं नत्राचं प्रदूषण जवळपास नाहीच, कारण पश्चिमेकडून येणारे ढग थेट प्रशांत महासागरावरून येतात. ही शेवटची बाब साधी वाटते, पण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

भांडण कशावरून होतं

१९६९ मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ यूजीन ओडम यांनी परिसंस्थेच्या वाढीचा एक आराखडा मांडला. जंगल जसं परिपक्व होतं तसं त्यातलं पोषकद्रव्यांचं चक्र बंदिस्त होत जातं, असं त्यात होतं. कोवळं जंगल उधळं, जुनं जंगल काटकसरी. मनाला पटणारी कल्पना, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत ती पटकन रुजली.

सहाच वर्षांनी, म्हणजे योगायोगाने क्रमांक १० ची तोड झाली त्याच वर्षी, पीटर व्हिटौसेक आणि विल्यम राइनर्स यांनी नेमकं उलट म्हटलं. त्यांचं गणित सरळ होतं. जंगल वाढतंय म्हणजे दरवर्षी नवं लाकूड, नवी पानं, नवी मुळं तयार होताहेत आणि त्यांना नत्र, स्फुरद, पालाश लागतं. आवक वाढीत जिरते, जावक कमी राहते. वाढ थांबली, म्हणजे जेवढं नवं तयार होतं तेवढंच मरून कुजायला लागलं, की जिरवायला जागा उरत नाही आणि जेवढं येतं तेवढं बाहेर पडायला हवं. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समधल्या स्प्रूस-फरच्या जंगलांतून वाहणारे ओढे त्यांनी तपासले. जुन्या जंगलांच्या ओढ्यांत नायट्रेट जास्त सापडलं, पूर्वी तोड होऊन पुन्हा वाढणाऱ्या जंगलांच्या ओढ्यांत कमी.

गणिताच्या दृष्टीने ओडम इथे हरले, असं माझं मत आहे. वस्तुमानाच्या हिशेबाला उत्तर नसतं. पण व्हिटौसेक-राइनर्स यांच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं होतं: नत्र बाहेर पडतं ते झाडांना हव्या असलेल्या रूपात, म्हणजे नायट्रेट किंवा अमोनियम म्हणून. न्यू हॅम्पशायरमध्ये ते बऱ्याच अंशी चालून गेलं. ओरेगनमध्ये नाही.

जुन्या जंगलाचा ताळेबंद

फिल सॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये क्रमांक १० चा तोडीआधीचा हिशेब प्रसिद्ध केला. पाऊस आणि धुळीतून हेक्टरी वर्षाला सुमारे २ किलो नत्र येत होतं. त्याहून थोडं जास्त, सुमारे २.८ किलो, झाडांच्या शेंड्यांकडून येत होतं (कसं, ते पुढे). जमिनीतून झिरपून ओढ्यात जात होतं सुमारे १.५ किलो. म्हणजे साडेचारशे वर्षांचं, "वाढ थांबलेलं" समजलं जाणारं जंगल दरवर्षी तीन किलोच्या वर नत्र साठवतच होतं.

आता त्या दीड किलोकडे पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यात नायट्रेट नगण्य होतं. बहुतांश नत्र विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या रूपात बाहेर पडत होतं. सडणाऱ्या पाचोळ्यातून आणि लाकडातून सुटलेले हे मोठे, गुंतागुंतीचे रेणू असतात आणि टॅनिनसारख्या पदार्थांशी बांधलेले असल्याने मुळांना ते सहजी हाती लागत नाहीत. नायट्रेटचा एखादा रेणू मातीत सुटला तर मुळं, बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. हे तपकिरी सेंद्रिय द्रव्य मात्र उपाशी जंगलाच्या डोळ्यांदेखत वाहून जातं. झाडांची भूक कितीही वाढली तरी ही गळती तिला दाद देत नाही. म्हणून झाडं किती जोमाने वाढताहेत यावरून तिचा अंदाज बांधता येत नाही.

लार्स हेडिन यांनी १९९५ मध्ये आणि पुढे स्टीव्हन पेराकिस यांच्यासोबत २००२ मध्ये दक्षिण चिली आणि अर्जेंटिनातल्या प्रदूषणमुक्त प्राचीन जंगलांमधून हेच चित्र मांडलं. शंभर ओढे तपासले आणि नत्राची जावक प्रामुख्याने सेंद्रिय रूपातच निघाली. अँड्र्यूजमधल्या अनेक दशकांच्या नोंदींतूनही तेच दिसलं. शिवाय एक बारकावा कळला: शरद ऋतूतल्या पहिल्या पावसांबरोबर ओढ्यातलं सेंद्रिय नत्र वाढतं, ओढ्याला खरा पूर यायच्या कितीतरी आधी. कोरड्या उन्हाळ्यात मातीत जमलेलं द्रव्य पहिल्या पाण्याबरोबर धुऊन निघतं. ज्यांनी फक्त नायट्रेट मोजलं (आणि बराच काळ बहुतेकांनी तेवढंच मोजलं, कारण ते मोजणं सोपं होतं) त्यांच्या वहीत जावकीचा मोठा रकाना कोराच राहिला.

शेंड्यावरचा नत्रकारखाना

वर उल्लेख केलेले २.८ किलो ज्याच्याकडून येतात तो सजीव म्हणजे लोबॅरिया ओरेगाना नावाचं दगडफूल. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाची भागीदारी. लोबॅरियात तिसरा भागीदारही असतो, हवेतलं नत्र बांधणारा नीलहरित जिवाणू. ही फिकट हिरवी, रुंद, सुरकुतलेली पानं जुन्या डग्लस फरच्या उंच फांद्यांवर दाटीने वाढतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिर्यारोहणाच्या दोरांनी ही झाडं चढायचं तंत्र बसवलं, तेव्हा कुठे तिथे किती दगडफूल आहे हे कळलं. तोवर ते फक्त वादळानंतर जमिनीवर पडलेलं दिसायचं.

पडलेलं लोबॅरिया नत्राने समृद्ध असतं आणि सुयांच्या मानाने फार लवकर कुजतं. जंगलाला हे खत थेट हवेतून मिळतं. त्याचा नेमका आकडा मात्र अजून वादात आहे: २००४ मधल्या एका मांडणीनुसार तो हेक्टरी वर्षाला १६ किलोपर्यंत जाऊ शकतो. तो खरा मानला तर वरचा ताळेबंद पुन्हा लिहावा लागेल. मला जुना, लहान आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण बाकीच्या रकान्यांशी तो जुळतो. पण दगडफुलाची वाढ, ओलावा आणि तापमान यांवरून काढलेला मोठा आकडाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कोवळ्या जंगलात लोबॅरिया जवळपास नसतं. ते भरपूर दिसू लागतं ते जंगल शंभर-दीडशे वर्षं ओलांडल्यावर. याचं कारण कोवळ्या झाडांची साल, सावली किंवा ओलावा असेल असं बराच काळ धरून चाललं होतं. स्टीफन सिलेट आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दगडफुलाचे तुकडे कोवळ्या झाडांवरही लावून पाहिले. तिथेही ते रुजलं आणि वाढलं. अडचण पोहोचण्याची होती: जड तुकडे वाऱ्याबरोबर फार दूर जात नाहीत. म्हणजे जवळ जुनं झाड उभं असेल तर कोवळ्या जंगलाला हा कारखाना लवकर मिळू शकतो, नसेल तर शतकभर वाट पाहावी लागते. या संपूर्ण प्रकरणात वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची माहिती मला हीच वाटते.

पडलेली खोडं

जुन्या जंगलात पाय ठेवताच नजरेत भरतात ती आडवी पडलेली प्रचंड खोडं. लाकडात नत्र फार कमी असतं, हजारात एक भाग किंवा त्याहून कमी, म्हणून पोषणाच्या हिशेबात या खोडांना आधी फारशी किंमत नव्हती. १९८५ मध्ये मार्क हार्मन यांनी अँड्र्यूजमध्ये पाचशेहून अधिक ओंडके सहा ठिकाणी मांडून ते कसे कुजतात याचा प्रयोग सुरू केला. डग्लस फर, पश्चिमी हेमलॉक, पश्चिमी रेड सीडर आणि पॅसिफिक सिल्व्हर फर अशा चार जाती निवडल्या. प्रयोगाची आखलेली मुदत दोनशे वर्षं! म्हणजे तो सुरू करणाऱ्याला त्याचा शेवट दिसणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

त्यातून सुरुवातीलाच एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. समज असा होता की नव्या ओंडक्यातली बुरशी बाहेरून नत्र ओढून घेते आणि ओंडका बराच काळ फक्त साठवत राहतो. पण ओंडक्यांवर उगवणाऱ्या बुरशीच्या छत्र्यांमध्ये नत्र लाकडाच्या तुलनेत कित्येक पट आणि स्फुरद व पालाश तर शंभर पटींहूनही अधिक सापडलं. छत्र्या उगवतात, कुजतात, प्राणी त्या खातात, आणि ओंडका वरून धडधाकट दिसत असतानाच त्यातली पोषकद्रव्यं बाहेर पडायला लागलेली असतात. शिवाय सडत्या लाकडात राहणारे जिवाणू थोडंफार नत्र हवेतून बांधतात, ते वेगळंच. पश्चिमी हेमलॉकची रोपं या सडत्या खोडांवरच उगवलेली दिसतात.

कोवळं जंगल कशावर जगतं

आता दुसरी बाजू. वॉशिंग्टन राज्यात, सिएटलजवळच्या सीडर नदीच्या पाणलोटातल्या ३६ वर्षांच्या डग्लस फरच्या जंगलाचा हिशेब डेल कोल, स्टॅन्ली गेसेल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडला होता. झाडांत मिळून हेक्टरी सुमारे ३२० किलो नत्र, पाचोळ्याच्या थरात १७५, आणि मातीत जवळपास २,८००. म्हणजे एकूण नत्रापैकी सुमारे ८५ टक्के मातीत. पावसातून येणारं नत्र जेमतेम किलोभर आणि खाली झिरपून जाणारं त्याहून कमी.

बाहेरून पाहिलं तर हे जंगल कमालीचं काटकसरी वाटतं आणि व्हिटौसेक-राइनर्स यांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरवतं. पण मातीतले ते २,८०० किलो छत्तीस वर्षांत, वर्षाला किलोभराच्या आवकीतून, कुठून आले असतील? अर्थात आधीच्या जंगलांकडून. कोवळं जंगल वारशात मिळालेल्या मुदत ठेवीवर जगत असतं. जोवर ठेव मोठी आहे तोवर त्याच्या आवकीकडे कुणी बघत नाही.

झाडं मोठी होतात तशी त्यांची मातीकडची मागणी सारखी वाढत नाही, हेही इथे सांगायला हवं. पहिली काही दशकं पानोरा घडवण्यात जातात आणि नत्राची खरी ओढ तेव्हा असते. फांद्या एकमेकींना भिडून वरचं छत मिटलं की हिरव्या सुयांचं प्रमाण जवळपास स्थिर होतं. पुढची वाढ मुख्यतः लाकडाची, आणि लाकडाला नत्र कमी पुरतं. शिवाय डग्लस फर गळायला आलेल्या सुयांमधलं नत्र मागे खेचून नव्या सुयांना देतं. जॉन टर्नर यांनी १९७० च्या दशकात डग्लस फरच्या जंगलात जमिनीवर साखर आणि भुसा टाकून हे पारखलं. साखर मिळताच जिवाणू वाढले, त्यांनी मातीतलं नत्र स्वतःसाठी अडवलं, आणि टंचाईत सापडलेल्या झाडांनी जुन्या सुयांमधून जास्त नत्र परत खेचलं. युरिया टाकलेल्या जागी झाडांनी ही तसदी घेतली नाही. कॅल्शियमची गोष्ट वेगळी, ते सुईत अडकलं की तिथेच राहतं. पण इथल्या ज्वालामुखी खडकातून ते इतकं झिजून येतं की त्याची चणचण भासत नाही.

तोडीनंतर

१९७५ च्या तोडीनंतर क्रमांक १० मध्ये मातीतल्या पाण्यात नायट्रेट वाढलं. ओढ्यातही वाढलं, पण बेताने. ज्यांच्या डोळ्यांसमोर न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुकचा प्रयोग होता त्यांना हे नवल वाटलं. तिथे १९६५ मध्ये रुंदपर्णी जंगल तोडून, पुढची तीन वर्षं तणनाशकाने काहीही उगवू दिलं नव्हतं, आणि ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी उसळलं होतं. तोडीचे परिणाम शिकवताना आजही तेच उदाहरण पुढे केलं जातं. पण त्यात तोडीइतकाच तणनाशकाचा हात होता, हे सांगायचं राहून जातं.

क्रमांक १० मध्ये तणनाशक नव्हतं. झुडपं आणि गवत पटकन आलं. जमिनीवर मागे राहिलेलं कर्बयुक्त, नत्र फार कमी असलेलं लाकूड आणि फांद्या कुजवताना जिवाणूंना स्वतःलाच नत्राची गरज होती, त्यामुळे सुटं नत्र तिथेच अडकलं. आणि मुळात हवेतून आलेला जादा नत्राचा साठा या मातीत नव्हताच. उतू जायला भांडं आधी भरलेलं असावं लागतं.

मग गेलं किती? ओढ्यातून थोडं, पण खोडांतून बरंच. ढोबळ अंदाज करू: हेक्टरी ४०० टन लाकूड गेलं आणि त्यात नत्र हजारात एक भाग धरलं, तर ४०० किलो. वर्षाला पाचेक किलोच्या आवकीने ते भरून यायला ऐंशी वर्षं लागतील, आणि ती आवक तरी लोबॅरियासह धरलेली आहे. कोवळ्या जंगलात ते नसल्याने केवळ पावसावर दोनशे वर्षं. तोडीनंतर उरलेला पालापाचोळा जाळला, जसा त्या भागात बऱ्याचदा जाळत, तर आगीत उडून जाणारं नत्र आणखी वेगळं.

निसर्गाकडे यावर स्वतःचा उपाय आहे, तो म्हणजे स्नोब्रश नावाचं सियानोथस गटातलं झुडूप आणि लाल आल्डर हा वृक्ष. दोघांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू असतात. स्नोब्रशच्या बिया मातीत शतकभराहून अधिक काळ पडून राहतात आणि आगीच्या धगीने जाग्या होतात. दाट स्नोब्रश किंवा आल्डर हेक्टरी वर्षाला कित्येक दहा किलो, जोमात असेल तर शंभरच्या आसपास नत्र आणू शकतं. वॉशिंग्टनमधल्या विंड रिव्हर इथे १९२९ च्या डग्लस फर लागवडीत चार वर्षांनी आल्डरचा एक पट्टा लावला होता. सुमारे तीन दशकांनी तपासलं तेव्हा आल्डर असलेल्या मातीत हेक्टरी हजारेक किलो जास्त नत्र निघालं. गंमत अशी की लाकूड कंपन्यांच्या लेखी ही दोन्ही झाडं वर्षानुवर्षं तण होती. डग्लस फरला सावली करतात म्हणून फवारणी करून ती मारली जात. सावलीची तक्रार खोटी नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा तोड करायची, आल्डर मारायचं, खोडं उचलून न्यायची आणि वर युरियाची पोती आणायची, या हिशेबात कुठेतरी एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजले जातात.

ताळेबंदात न बसणाऱ्या गोष्टी

क्रमांक १० च्या ओढ्यात १९८६ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये दगड-माती-लाकडाचा लोंढा उतरला आणि पात्र खरवडून गेला. वर्षाला दीड किलोच्या हिशेबात असे प्रसंग कुठे लिहायचे? शतकातून एक-दोनदा होणारी अशी घटना दशकांच्या संथ गळतीइतकं द्रव्य एका रात्रीत नेऊ शकते. पाणी मोजणाऱ्या नोंदीत ती धड पकडलीच जात नाही.

न्यू हॅम्पशायरच्या ओढ्यांचंही असंच झालं. व्हिटौसेक यांनी १९७३-७४ मध्ये पाहिलेले ओढे १९९६-९७ मध्ये पुन्हा तपासले गेले, खुद्द व्हिटौसेकही त्या कामात होते. जंगलं आणखी वयस्क झाली होती, तेव्हा नायट्रेट वाढायला हवं होतं किंवा निदान जुन्या जंगलांत तेवढंच राहायला हवं होतं. ते जुन्या आणि कोवळ्या दोन्ही जंगलांत बरंच घटलं होतं. हवामान, मातीतल्या साठ्यात होणारे बदल अशी कारणं चर्चेत आली. झाडांच्या वयावरून ओढ्याचं पाणी ओळखता येईल ही आशा तिथे बरीच ढिली झाली.

१९९४ च्या वायव्य वनयोजनेत संघराज्याच्या जंगलांमध्ये तोड करताना काही मोठी जिवंत झाडं आणि पडलेली खोडं मागे ठेवायची अट आली. त्यामागची ठिणगी जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाच्या रक्षणाची होती, नत्राची नव्हे. पण मागे ठेवलेलं एक जुनं झाड म्हणजे लोबॅरियाचं बियाणं आणि मागे ठेवलेला ओंडका म्हणजे पुढच्या शतकाची संथ खतपुरवणी. त्यामुळे घुबडासाठी घातलेली अट नत्राच्याही पथ्यावर पडते. खासगी जमिनींवर ही योजना लागू नाही, आणि तिथली तोड अजूनही अनेक ठिकाणी पन्नाशीच्या आत होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये विजेमुळे लागलेली लुकआउट आग अँड्र्यूजच्या सुमारे ७० टक्के भागातून फिरली. कुठे जुनी झाडं उभ्या उभ्या मेली, कुठे आग फक्त जमिनीवरून सरकली. जिथे छत जळालं तिथे लोबॅरियाही गेलं, आणि त्या तुकड्यांपासून सर्वात जवळचं वाचलेलं जुनं झाड किती अंतरावर आहे हा प्रश्न आता कागदावरचा राहिलेला नाही. जिथे धग पुरेशी होती तिथे स्नोब्रशच्या बिया जाग्या व्हायला हव्यात. अर्धशतकाच्या नोंदी हाताशी असल्यामुळे या वेळी आगीआधीच्या पाण्याशी आगीनंतरच्या पाण्याची तुलना करता येईल, सेंद्रिय नत्राच्या रकान्यासकट.